कळांमधली उसंत

५ जानेवारी, सोमवार

रडली नाही.

ओंकारचा फोन आला तेव्हा मी शेरडांना पाला टाकत होते. म्हणाला, मुलगी झाली, आजी. मी म्हटलं, अरे, नुकतं जन्मलेलं पोर, रडून गोंधळ घालायचं सोडून बापाला फोनवर बोलू देतंय म्हणजे काय? तर म्हणाला, रडलीच नाही. रबरी फुग्यानं हवा भरली, मग काळीज चालू झालं. आता गाडीतून नगरला नेतायत.

सकाळी नातसुनेचं, मोनिकाचं पोट दगडासारखं झालं होतं. मी हात ठेवला आणि ओळखलं. पोराला पोसणारी वार सुटली! पोर बाहेर यायच्या आधी वार सुटली म्हणजे घरातून माणूस निघायच्या आधी घराचं छप्पर उडालं. ओंकारला म्हटलं, चहा ठेवू नको, गाडी बोलाव. नातू असला तरी पहिल्यांदाच ऐकलं त्यानं माझं. तालुक्याला पोट फाडून काढली पोरीला.

घरात मी एकटी. लेक बन्सी आणि सून दिवाळीपासून ऊसतोडीला. निम्मं गाव तिकडंच. आमच्या गल्लीत आता मी, शेजारची गोजर, तिचा कल्याण, आणि कुत्री. कुत्र्यांचंही बोलणं संपलंय.

फोनमध्ये बोलायचा हा उद्योग पंकजानं लावून दिला. ती गावची आशाताई. म्हणाली, या माइकवर बोट ठेव आणि बोल, अक्षरं आपोआप पडतात, तारीखही तोच घालतो. मला एक अक्षर येत नाही. म्हणजे मी काय बोलले ते मलाच वाचता यायचं नाही. झकास. पोटातलं ठेवायला असा डबा कुठं मिळायचा!

६ जानेवारी, मंगळवार

गार ठेवलीय म्हणे पोरीला.

मी ओंकारला दोनदा विचारलं. गार? गारच. अंगाखाली गार पाण्याची गादी, वर फक्त लंगोट. तीन दिवस अशीच ठेवणार. जानेवारीत! आम्ही इथं शेळीच्या करडालासुद्धा पोत्यात गुंडाळतो. शिकलेली माणसं ती, त्यांना कोण बोलणार.

मी काय अशी आणली नसती का तिला धुगधुगीत? मी गावची सुईण, माझ्या सासूनं शिकवलं होतं. पोर निळं आलं, रडलं नाही, तर नाळ कापायची नाही. वार पितळीत घ्यायची, पितळी निखाऱ्यावर धरायची, ऊब नाळेतून पोरात उतरते. दुसऱ्या बाईनं पोराच्या कानाशी थाळी बडवायची. गोजरच्या कल्याणला असंच आणलं होतं. गावात नाव झालं, राहीनं मेलेलं पोर उठवलं. गोजरच्या सासऱ्यानं मला हिरवं लुगडं नेसवलं होतं.

उद्या नगरला जाते. गोधडी घेऊन. शेरडं गोजर बघेल.

७ जानेवारी, बुधवार

एसटीत उभीच होते पाथर्डीपासून. एका कॉलेजच्या पोरीनं शेवटी जागा दिली, तोवर नगर आलं.

आत एकेकालाच सोडतात. हात धुवायला लावले कोपरापर्यंत, डोक्यावर टोपी घातली. गोधडी लुगड्याच्या ओच्यात खोचून नेली होती. पोटाकडं बघून तिथली सिस्टर हसलीच असणार मनात. या वयात!

पोरगी दिसली. केवढी मोठी, केवढी देखणी. नाकात नळी, बेंबीत नळी, डोक्याला वायरी. पायाला हात लावला. गार. मेलेल्या अंगाचा गारवा मला माहीत आहे, हा तो नव्हता. माठातल्या पाण्यासारखा गार. मी हळूच गोधडीचं टोक तिच्या पावलांवर सरकवलं, तेवढ्यात सिस्टरनं मनगट धरलं. तिला काय ठाऊक, या मनगटानं दीडशे पोरं जगात ओढलीत. म्हणाली, “आजी, उबेनं तिचा मेंदू जळंल. गोधडी बाहेर ठेवा.”

मी बाहेर आले. गोधडी मांडीवर घेऊन बाकड्यावर बसून राहिले. ओंकार औषधं आणायला, मोनिका खालच्या मजल्यावर खाटेवर. इतकी माणसं त्या दवाखान्यात, पण माझ्या ओळखीचा एक डोक्यावरचा पंखा. तोही बंद.

८ जानेवारी, गुरुवार

डॉक्टरबाई भेटल्या. लहानच आहे वयानं, लीना नाव. मी विचारलं, पोर गार का ठेवलं ते मला माझ्या भाषेत सांग, मी सुईण होते. माझ्याकडं नीट बघितलं तिनं तेव्हा. स्टूल ओढून बसली.

म्हणाली, पोटातलं बाळ स्वतः श्वास घेत नाही. त्याचा श्वास आईच्या रक्तातून वारेत, वारेतून नाळेत, नाळेतून त्याच्यात. वार सुटली, रक्त थांबलं. शरीरात मेंदू सगळ्यात खादाड. बाकीचे अवयव थोडा वेळ उपाशी राहतात, तो राहू शकत नाही. पहिली इजा तेव्हाच होते. मग हवा दिली, काळीज चाललं, रक्त परत सुरू झालं. आपल्याला वाटतं, वाचलं. काही तास सगळं शांत असतं. आणि त्याच्यानंतर दुसरी इजा सुरू होते, आत, हळूहळू. पेशी सुजतात, मरतात, झटके येतात. त्या मधल्या शांत वेळात, सहा तासांच्या आत, बाळ गार केलं तर दुसरी इजा थोडी कमी होते. पुसून जात नाही, कमी होते.

मी म्हटलं, उसाचं पाचट पेटवून विझवलं तरी राखेखाली धुमसतं, तसं?

म्हणाली, तसंच. आणि वारा घालायचा नाही. इथं ऊब म्हणजे वारा.

मला ती पितळी दिसत होती. निखारे दिसत होते.

मग विचारलं, कळा येतात तेव्हाही रक्त थांबतं का? म्हणाली, प्रत्येक कळ पिशवी आवळते, तेवढ्यापुरतं बाळाकडचं रक्त कमी होतं. म्हणून तर दोन कळांमध्ये उसंत असते. त्या उसंतीत बाळ दम घेतं. मी म्हटलं, आणि कोणी सुई देऊन कळांवर कळा आणल्या, उसंतच ठेवली नाही, तर?

“तर बाळ आतल्या आत गुदमरतं, आजी. का विचारता?”

मी म्हटलं, सहज.

मोनिकाकडं गेले. टाके दुखत होते तिचे. जवळ बोलावलं, कानात म्हणाली, “आजी, भादव्यातल्या ग्रहणात मी कांदा चिरला हुता. ह्यांना भूक लागली हुती. माझ्यामुळं झालं का?”

मी म्हटलं, कांदा चिरल्यावर डोळ्याला पाणी येतं, बाई. पोराला काही होत नाही.

हसली पोरगी. रडता रडता हसली. मी मात्र तिथून उठले आणि जिन्यात येऊन बसले. हे मी म्हणाले! कोणत्या तोंडानं?

९ जानेवारी, शुक्रवार

पोरीला ऊब द्यायला लागलेत. अर्ध्या अर्ध्या अंशानं, दूध ओतू जाऊ नये म्हणून आच कमी ठेवतात तसं.

काल जे बोलता आलं नाही ते आज बोलते. बाकड्यावर शेजारी कोणी नाही.

ऐंशी सालची गोष्ट. त्या वर्षी भर दुपारी सूर्याला ग्रहण लागलं होतं, लोक दारं लावून बसले होते. गोजर अठरा वर्षांची, पोटुशी. उन्हाळ्यात तिच्या कळा सुरू झाल्या. पहिलटकरीण, वेळ लागणारच होता. पण मला दुसऱ्या वस्तीवरही बाळंतीण होती. मला घाई होती. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मला घाई होती.

आदिनाथ कंपाउंडरला बोलावलं. त्याच्याकडं कळांची सुई असायची. म्हशीनं पान्हा सोडावा म्हणून देतात तीच. एक दिली. तासाभरानं मी म्हटलं, अजून एक दे. मग कळा आल्या त्या थांबल्याच नाहीत. गोजर म्हणत होती, आक्का, दम घेऊ दे, जरा दम घेऊ दे. मी म्हणत होते, दम घेऊन पोर होतं का?

कल्याण निळा आला. वार, पितळी, निखारे, थाळी. किती वेळ गेला काय माहीत, पण शेवटी श्वास घेतला त्यानं. लुगडं मिळालं मला.

सहा महिने झाले तरी पोर मान धरेना. झटके यायचे. विहिरीवर बाया पाणी शेंदत होत्या, त्यांच्यात कुजबुज सुरू झाली की बाळंतपणात काही झालं का. तेव्हा मी मोठ्यानं म्हणाले, ग्रहणात विळीवर बसली होती ती, त्याचं हे. गोजर तिथंच होती, कळशी कमरेला. मी तिला विचारलं, बसली होतीस का नाही? ती घाबरून म्हणाली, भोपळा चिरला होता थोडा.

दोन वर्षांत तिच्या नवऱ्यानं, कानिफनाथनं, दुसरी बायको आणली. म्हणाला, हिनं स्वतःच्या हातानं पोराचं डोकं कापलं. गोजर आमच्या शेजारच्या खोलीत आली ती अजून तिथंच आहे. कल्याण आता पंचेचाळीस वर्षांचा. बोलत नाही. चालताना पायात पाय अडकतात. दाढी गोजर करते त्याची.

आदिनाथ मेला. सासरा मेला. माहीत असलेली मी एकटी उरलेय.

१० जानेवारी, शनिवार

रडली! काचेआडून मला ऐकू आलं नाही, तोंड तेवढं वाकडं झालेलं दिसलं. सिस्टर म्हणाली, मांजरीएवढा आवाज आहे. असू दे, मांजरंही मोठी होतात.

१२ जानेवारी, सोमवार

गावी परत आले. ओंकार म्हणाला, आजी, तुझे पाय सुजलेत, जा तू. खरं म्हणजे बाकड्यावर मी जागा अडवत होते.

गोजरनं शेरडं सांभाळली होती, अंगणही झाडलं होतं. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आली. पोर कसं आहे, विचारलं. मी सांगितलं. मग ती खाली बघत हळूच म्हणाली, “मोनिकानं काय चिरलं हुतं का गं ग्रहणात?”

मी म्हटलं, का?

“चिरलं असलं तर तिला म्हनावं, कुनापाशी कबूल करू नको. मी केलं, तिथंच चुकले.”

भाकरीचा घास तोंडात फिरत राहिला. तिनं पाणी दिलं मला. पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, हळू खा, म्हातारे, कोण पळवतंय?

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. मी रांडमुंड, मला हळदीकुंकवाचं बोलावणं कसलं. गोजरचा नवरा जिवंत आहे, वरच्या आळीत पाय चेपून घेतो दुसऱ्या बायकोकडून, तरी तिलाही बोलावत नाहीत. ओटीला तिचा हात नको, बारशाला तिची सावली नको. आम्ही दोघींनीच तिळगूळ खाल्ला. कल्याणला मी भरवला. माझं बोट चावलं त्यानं आणि खदखदा हसला.

आज सांगायचं ठरवलं होतं. तिळगूळ खाऊन गोड बोलायचं असतं, म्हणून राहिलं. बघ, कशी सबब शोधते मी!

गोजर सोडली तर माझ्याशी दिवसात दोन शब्द बोलणारं कोणी नाही. तिला सांगितलं तर ती येणार नाही. मग फक्त शेरडं. हेही कारण आहे. आधी हेच सांगायला हवं होतं.

१७ जानेवारी, शनिवार

पोरीच्या डोक्याचा मोठा फोटो काढला. ओंकारनं फोन लावून डॉक्टरबाईचं बोलणं मला ऐकवलं. बराच भाग चांगला आहे म्हणाली. मधोमध दोन ठिकाणी डाग आहेत. त्याचं काय होईल ते आज कोणी सांगू शकत नाही. मान कधी धरते, मुठी उघडते का, नजर फिरवते का, बघत राहायचं. अंगावर पिते आहे हे चांगलं लक्षण.

ओंकारनं विचारलं, मॅडम, कोणामुळं झालं हे?

म्हणाली, कोणामुळंच नाही. मोनिकाला हे रोज सांगा, ती विचारणार नाही तरी सांगा.

आमच्या पोरीपुरतं ते खरं. तिच्या आईला उत्तर मिळालं बारा दिवसांत. गोजरला पंचेचाळीस वर्षांत नाही.

१९ जानेवारी, सोमवार

सांगितलं.

ती अंगणात कल्याणची दाढी करत होती. एका हातानं हनुवटी धरलेली, दुसऱ्यात वस्तरा. मी म्हटलं, तो वस्तरा खाली ठेव. तिला थट्टा वाटली. म्हणाली, तुला बी मिशा आल्यात, बस रांगेत.

मी उभ्या उभ्याच बोलले. सुई. दुसरी सुई. उसंत. रक्त. मला घाई होती तेही. भोपळ्याचा काही संबंध नव्हता तेही.

तिनं कल्याणच्या गालावरचा फेस पदरानं पुसला. अर्धी दाढी तशीच राहिली. मग एवढंच विचारलं, “कवा कळलं तुला?”

मी म्हटलं, आठ तारखेला, डॉक्टरबाईनं सांगितलं तेव्हा.

“खोटं.”

ती म्हणाली, “ग्रहन पयलं तुझ्याच तोंडात आलं, आक्का. दुसरं कुनी बोललं नव्हतं.”

खरं आहे. रक्ताचं, पेशींचं मला माहीत नव्हतं. पण सुईनंतर गोजरचं पोट क्षणभरही सैल झालं नाही, हे माझ्या हाताला कळलं होतं. हाताला कळलं ते तोंडानं झाकलं. मी तिला तसं सांगितलं. मग ती कल्याणला उठवून आत घेऊन गेली. कडी लावली.

२० जानेवारी, मंगळवार

गोजर आली नाही.

२१ जानेवारी, बुधवार

आली नाही. शेरडांची धार मीच काढली. निम्मं दूध मातीत.

२३ जानेवारी, शुक्रवार

भिंतीजवळून गेले तर पलीकडून कल्याण हसला. पावलं ओळखतो माझी. मेल्या, तू तरी कडी लाव.

ओंकारचा फोन आला, सोमवारनंतर घरी सोडतील. मी बरं म्हटलं. त्यानं विचारलं, आजी, तुझा आवाज असा का? म्हटलं, वापरात नाही.

२५ जानेवारी, रविवार

गोजर दारात येऊन उभी राहिली. आत ये म्हटलं, आली नाही. सहा दिवसांत चेहरा वाळला होता. मला वाटलं शिव्या देईल. मी तयार होते, बसायला पाटसुद्धा घेतला होता.

म्हणाली, “मला एकटीला सांगून तू मोकळी झालीस. मी न्हाई झाले. चार मान्सांत बोलली हुतीस, चार मान्सांतच परत घे.”

मी म्हटलं, त्या विहिरीवर आता कोण येतं, गोजर? विहीरच बुजली ती.

“उद्या सव्वीस तारीख. गरामसभा हाय. कानिफनाथ बी येतो.”

एवढं बोलून गेली. मी पाटावर बसून राहिले. अठ्ठ्याहत्तर वर्षांची झाले, गावात माझ्या नावाला अजून मान आहे. राहीआक्काचा हात गुणाचा, म्हणतात. मरायला टेकले, तेवढा मान नेला असता बरोबर.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडा झाला, पोरांना लाडू वाटले, मग सभा बसली. तरणी माणसं ऊसतोडीला, म्हणजे बसलेली सगळी म्हातारी. हेच बरं. ज्यांनी तेव्हा ऐकलं होतं तीच माणसं.

नळाचं, रस्त्याचं, घरकुलाच्या यादीचं झालं. मी उभी राहिले. सरपंच म्हणाला, आजी, काय असंल ते अर्जात लिहून द्या. मी म्हटलं, बाबा, लिहिता आलं असतं तर आधीच लिहून पळून गेले असते. लोक हसले. शेवटचं हसू माझ्यासाठी.

मग बोलले. जसं गोजरला सांगितलं तसंच, काही वगळलं नाही. पंकजा कोपऱ्यात होती. एका म्हाताऱ्यानं मधेच म्हटलं, सुईनं असं होतं व्हय? तर तिनं उभं राहून होय म्हणून सांगितलं. शेवटी मी कानिफनाथकडं तोंड केलं. म्हटलं, कानिफ, पोराचं डोकं तुझ्या बायकोनं कापलं नाही. मी आणि आदिनाथनं गुदमरवलं. तू तिला टाकलंस ते माझ्या खोट्यावर.

त्यानं टोपी काढली, झटकली, परत घातली. पुन्हा काढली.

गोजर मागच्या बाजूला कल्याणला धरून बसली होती. तिच्याकडं बघायचं धाडस झालं नाही. घरी आले तेव्हा एकही माणूस माझ्या बरोबरीनं चाललं नाही. रस्ता मोकळा करून देत होते.

२७ जानेवारी, मंगळवार

सकाळी दार उघडलं तर ओट्यावर तीन बाया. तिघींची बाळंतपणं माझ्याच हातची. एकीबरोबर तिची लेक, तीस-पस्तीसची, तोंडातून लाळ गळतेय. दुसरीनं चाळिशीतल्या लेकाचा हात धरलेला. तिसरीबरोबर कोणीच नव्हतं. तिचं पोर बारशालाही पोचलं नव्हतं.

गोजर त्यांच्या शेजारी बसली होती. म्हणाली, “एकेकीला खरं सांग. मी हाय हितं.”

पहिलीनं विचारलं, “आक्का, मला बी सुई हुती का गं?”

होती.